भावनांचा शास्त्रीय अभ्यास आणि निसर्गनिरीक्षण : डार्विनचा प्रयत्न व अहमदनगरचा पुरावा

प्रस्तावना :
मानवी भावना हा दीर्घकाळ तत्त्वज्ञान, धर्म व काव्यशास्त्र यांचा विषय मानला गेला. एकोणिसाव्या शतकात तो निसर्गविज्ञानाच्या कक्षेत आणण्याचा महत्त्वपूर्ण प्रयत्न चार्ल्स डार्विन यांनी केला. माणूस व प्राणी यांच्यातील भावनांच्या अभिव्यक्तीवरील त्यांचा ग्रंथ १८७२ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. प्रस्तुत लेखात या ग्रंथाची अभ्यासपद्धती आणि त्यात नोंदलेला महाराष्ट्रातील एक पुरावा यांचा विचार केला आहे.

निरीक्षणाकडून प्रयोगाकडे :
'बीगल' जहाजावरील प्रवासात (१८३१-३६) डार्विन यांना निसर्गाच्या दीर्घ सहवासाची सवय जडली. १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जेनी नावाची ओरांगउटान मादी सफरचंद न मिळाल्याने हट्टी मुलासारखी आकांत करताना त्यांनी पाहिली. पुढे स्वतःच्या नवजात पुत्राच्या हावभावांची त्यांनी नोंद ठेवली. काचेपलीकडील विषारी सर्पाने झेप घेतली तरी मागे सरायचे नाही, असा निश्चय करूनही ते मागे उडी मारते झाले. निर्धार व बुद्धी यांपेक्षा भीती प्रबळ ठरते, हे त्यांनी स्वतःवरच पडताळले. विजेच्या साहाय्याने चेहऱ्याचे स्नायू उद्दीपित करून द्यूशेन यांनी घेतलेली छायाचित्रे त्यांनी वीसहून अधिक व्यक्तींना दाखवून मते घेतली. १८६७ मध्ये त्यांनी सोळा प्रश्नांची प्रश्नावली जगभर धाडली. तिला छत्तीस उत्तरे आली.

अहमदनगरचा पुरावा :
मुंबई इलाख्यातील अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यात एच. अर्स्किन यांनी डार्विन यांच्यासाठी निरीक्षणे केली. परंतु युरोपीयांसमोर सर्व भावना लपविण्याची लोकांना सवय असल्याने खात्रीशीर निष्कर्ष काढणे कठीण गेले, अशी नोंद डार्विन यांनी प्रामाणिकपणे केली आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील जे. स्कॉट यांनी मात्र तेथे काम करणाऱ्या विविध जमातींच्या लोकांचे दीर्घकाळ निरीक्षण केले. त्यांच्याइतका सविस्तर व मोलाचा तपशील इतर कोणीही पाठविला नाही, असे डार्विन म्हणतात. स्कॉट हेही युरोपीयच होते. तेव्हा हा फरक केवळ वंशाचा नसून, दीर्घ परिचय व नित्याच्या कामाचा परिसर यांचाही असावा, असे अनुमान करता येते.

अहमदनगरची रयत भावनाशून्य होती असे नाही. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या कर्जखतांची होळी केली. साहेबासमोर निर्विकार दिसणाऱ्या समाजात केवढा संताप साठला होता, हे त्यातून उघड झाले. मौन हीदेखील सत्तासंबंधांतून घडलेली एक अभिव्यक्तीच होय.

पुढील वाटचाल :
१९६० च्या दशकाच्या अखेरीस पॉल एकमन यांनी न्यू गिनीतील फोरे लोकांमध्ये अभ्यास करून मूलभूत भावनांच्या मुद्रा सार्वत्रिक असल्याचे प्रतिपादन केले. याउलट लिसा फेल्डमन बॅरेट यांनी २०१७ मधील ग्रंथात संदर्भ व संस्कृती यांवर भर दिला. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

निष्कर्ष :
प्रयोगशाळा स्नायूंची हालचाल मोजू शकते. परंतु ती हालचाल कोणासमोर होते व कोणासमोर रोखली जाते, हे लोकांच्या नित्य परिसरात दीर्घकाळ राहूनच कळते. अहमदनगरची ती त्रोटक नोंद म्हणजे अपयशी निरीक्षण नव्हे. निरीक्षकाचे स्थान हाही पुराव्याचाच भाग असतो, याचे ते प्रारंभीचे उदाहरण आहे. मानसशास्त्र व इतिहास या दोन्ही विषयांच्या अभ्यासकांनी म्हणूनच त्याची दखल घेणे अगत्याचे ठरते.