दुखवट्याच्या घरची चूल

महाराष्ट्रात ज्या घरात मयत होते, त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. पिठलं-भाकरी शेजारून येते. या रिवाजाचा माग गृह्यसूत्रांपर्यंत लागतो. त्या रात्री घरात अन्न शिजवू नये, विकतच्या किंवा आयत्या मिळालेल्या अन्नावर भागवावे आणि तीन रात्री मीठ वर्ज्य करावे, असे आश्वलायन गृह्यसूत्र सांगते. पारस्कराचा नियमही याच अंगाने जातो. अन्न नेमके कोणी आणून द्यायचे, याची वाटणी पुढे गावगाड्यात झाली.

सांत्वनाची रीत याज्ञवल्क्य स्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात अधिक तपशिलाने येते. अंत्यविधीनंतर तिलांजली देऊन, आंघोळ करून काठावर आलेल्या नातलगांना हिरवळीवर बसवावे आणि जुन्या कथा सांगून त्यांचा शोक हलका करावा. मग लहान मुलांना पुढे घालून सर्वांनी घरी जावे, दाराशी कडुलिंबाची पाने चावावीत आणि अग्नी, पाणी, शेण, पांढरी मोहरी यांना हात लावून आत शिरावे. या स्मृतीवरच्या दोन मोठ्या टीका दख्खन आणि कोकणातल्याच आहेत. विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली गेली, तर दुसरी टीका 12 व्या शतकातला उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य याच्या नावावर आहे. स्मशानातून परतल्यावर कडुलिंबाचा पाला चावण्याची रीत महाराष्ट्रातल्या खेड्यांत अजून टिकून आहे. रडण्याबाबत मात्र स्मृतीचे कोणी ऐकले नाही. आप्तांचे अश्रू मृताला गिळावे लागतात, म्हणून रडू नये, असे ती बजावते. मराठी घरात भेटायला आलेली बाई उंबऱ्यातूनच हंबरडा फोडते, घरातली तिच्या गळ्यात पडते, आणि तोवर कोरडी राहिलेली सूनही तेव्हा मोकळी होते. शास्त्रापेक्षा हा व्यवहार शहाणा म्हणावा लागेल.

मित्राचे आणि शेजाऱ्याचे स्थान सुतकाच्या नियमांतून ठरले. सुतक भाऊबंदांना, दहा दिवस त्यांचे हात बांधलेले. जो भाऊबंद नाही, तो मोकळा, आणि म्हणूनच कामाचा. परक्या ब्राह्मणाचे प्रेत आपुलकीने उचलून नेणाऱ्या ब्राह्मणाला मनुस्मृती तीन रात्रींचे अशौच सांगते. त्याने त्या घरचे अन्न खाल्ले तर दहा दिवस; खाल्ले नाही आणि तिथे राहिलाही नाही, तर एकच दिवस. अन्न त्या घराकडे जावे, तिथून घेऊ नये, हा दंडक त्यातूनच बळकट झालेला दिसतो. दुखवट्याच्या घरी आजही पाहुणा चहाला नको म्हणतो, आणि निघताना ‘येतो’ न म्हणता नुसता उठतो. या सगळ्याला जातीची कुंपणे होती, हेही तितकेच खरे: कोणाच्या हातची भाकरी चालायची आणि कोणाचा खांदा, हे मरणाच्या दारातही ठरलेले असे.

मराठेशाहीत सांत्वन हा राजशिष्टाचारही होता. सरदार किंवा संस्थानिक वारला, की दुसऱ्या दरबारातून मातमपुर्सीसाठी वकील येई आणि दुखवट्याची वस्त्रे दिली जात. ती स्वीकारली, की वारसाने शोक आवरून कारभार हाती घ्यायचा. घरगुती रूप आजही तेच आहे. तेराव्याला सोयरे मुलाला टोपी-उपरणे किंवा फेटा देतात, माहेरचे लेकीला लुगडे नेसवतात, गोड जेवण होते आणि दुखवटा संपतो. देण्याघेण्याची बरोबरी सुरू झाली, तसा हा आधार गरिबाला जड होऊ लागला. टॉवेल-टोप्यांचा ढीग कोणाच्याच उपयोगाचा नसतो. म्हणून अनेक गावांनी आणि ज्ञातिसंस्थांनी दुखवट्याचे आहेर बंद करण्याचे ठराव केले.

गिरणगावात भाऊबंद गावी आणि माणूस मुंबईत, अशी फाटाफूट झाली. गावाहून तार आली, की ती वाचण्याआधीच चाळ गोळा होई, कारण तार बहुधा मरणाचीच असे. गावकरी मंडळातले लोक वर्गणी काढून तिकिटाचे पैसे उभे करत. गावात भावकीने करायचे ते इथे खोलीतले सोबती करत. 1896 मध्ये मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा हाच आधार तुटला होता: लोक शहर सोडून पळाले आणि खांद्याला चार माणसे मिळणे कठीण झाले. 2020 मध्ये कोरोनाकाळात अंत्यविधीला 20 माणसांची मर्यादा आली, तेव्हा भेटणे फोनवर आले. पण जेवणाचे डबे दाराबाहेर ठेवले जात राहिले.

भेटायला येणाऱ्या बायकांच्या हातून एक क्रूर कामही होत आले. विधवेच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे हे तिच्याच जावा, नणंदा आणि शेजारणी करत. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले.