वाळूतलं सोनं : ब्राबांतच्या लुपिनची गोष्ट

मे-जूनमध्ये ब्रेडाच्या आसपास सायकल फिरवताना जांभळ्या, गुलाबी, पिवळ्या फुलांचे उभे तुरे आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. हाताचा पंजा पसरावा तशी पानं, आणि फुलं गळली की मटारासारख्या केसाळ शेंगा. हे लुपिन. बहुतेकांच्या लेखी ही बागेतली शोभा. पण आपण राहतो त्या ब्राबांतच्या मातीचा, इथल्या शेतकऱ्याच्या पोटाचा आणि आजच्या राजकारणाचाही धागा या झाडापाशी येऊन पोचतो. तो धागा उलगडून पाहण्यासारखा आहे.

सुरुवात मातीपासून करू. ब्रेडा दोन जमिनींच्या सीमेवर वसलंय. वायव्येला समुद्राने आणून टाकलेली चिकण, सुपीक माती आणि दक्षिणेला, बेल्जियमच्या दिशेला, वाळू. वाळूत पाणी टिकत नाही आणि खतही टिकत नाही. मग पूर्वीचा शेतकरी काय करायचा? माळरानावर मेंढ्या चारायच्या, तिथली झुडपं मातीसकट ढलप्यांसारखी कापून आणायची, गोठ्यात अंथरायची, शेणामुतात मुरवायची आणि शेतात टाकायची. आपल्या कोकणातला शेतकरी कवळं, गवत, शेण जमा करून राब भाजतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे भाजणं नाही, कुजवणं. शतकानुशतकं हे चाललं आणि गावाजवळची शेतं अर्ध्या मीटरहून जास्त उंच झाली! ब्रेडाच्या दक्षिणेचं स्ट्राइबेकचं माळरान आज आपण निसर्ग म्हणून बघायला जातो. अशी माळरानं म्हणजे त्या कष्टांची उरलेली खूण. एकरभर शेत पिकवायला कितीतरी एकर माळ ओरबाडावा लागे.

या वाळूला लुपिन मानवलं. झाड मूळचं भूमध्य समुद्राकाठचं. लुपिन पेरून, फुलताच जमिनीत गाडलं तर पुढचं पीक जोमाने येतं, हे रोमनांना ठाऊक होतं. पहिल्या शतकातल्या कोलुमेलाने शेतीवरच्या ग्रंथात तसं लिहून ठेवलंय. नाव मात्र लॅटिनमधल्या लांडग्यावरून पडलंय. एकोणिसाव्या शतकात उत्तर जर्मनीत शुल्ट्झ-लुपित्झ या जमीनदाराने आपल्या रेताड शेतावर लुपिनचा पद्धतशीर वापर केला. नेदरलँड्सच्या वाळूतही पिवळं लुपिन हिरवळीचं खत म्हणून पेरलं जाऊ लागलं. आपल्याकडे ताग आणि धैंचा करतात तेच काम. 'बेवड' हा शब्द ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण असं का होतं? याचं उत्तर १८८०च्या दशकात मिळालं. हेलरीगेल आणि विल्फार्ट या जर्मन संशोधकांनी दाखवलं की शेंगावर्गीय झाडं मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नायट्रोजन वापरू शकतात. आणि १८८८ साली, ब्रेडापासून गाडीने तासाभरावरच्या डेल्फ्टमध्ये, मार्टिनस बायरिंक यांनी त्या गाठींतला जिवाणू वेगळा करून वाढवून दाखवला. बायरिंक तेव्हा तिथल्या यीस्ट आणि स्पिरिटच्या कारखान्यात नोकरीला होते. दहा वर्षांनी तंबाखूच्या रोगावर काम करताना 'व्हायरस' या कल्पनेचा पाया घालणारे बायरिंक हेच.

गंमत अशी की झाडाचं रहस्य उलगडलं आणि थोड्याच वर्षांत त्याची गरज संपली. १९१३मध्ये जर्मनीत हाबर-बॉश पद्धतीने अमोनिया बनवणारा कारखाना सुरू झाला. नायट्रोजन पोत्यातून मिळू लागल्यावर लुपिनसाठी जमीन अडवून कोण ठेवणार? दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशातून चारा आणि सोया येऊ लागलं. त्यावर डुकरं, कोंबड्या वाढल्या आणि एकेकाळचा गरीब ब्राबांत श्रीमंत झाला.

त्या श्रीमंतीची किंमत १९९७मध्ये दिसली. डुकरांमध्ये स्वाइन फीव्हरची साथ आली आणि देशभरात सुमारे १ कोटी डुकरं मारावी लागली. पश्चिम ब्राबांतमधल्या याप कोर्टेवेख या शेतकऱ्याकडे विचारणा झाली, मेलेली डुकरं ठेवायला तुमचं शीतगृह देता का? घराण्यात नवव्या पिढीची शेती. हा माणूस त्यानंतर शाकाहारी झाला. पण मांसाची चव काही सुटेना! मग मांसासारखं लागणारं शाकाहारी अन्न बनवायचा ध्यास त्याने घेतला आणि सुरुवातीला भिस्त ठेवली लुपिनवर. २०१०मध्ये हेगला 'द फेगेटारिशे स्लाखर', म्हणजे 'शाकाहारी खाटीक', हे दुकान निघालं. २०१७मध्ये आपल्या ब्रेडात कारखाना उभा राहिला आणि २०१८मध्ये युनिलिव्हरने कंपनी घेतली. तिच्या मालात पुढे सोया आणि गव्हाचाच वाटा मोठा राहिला, हेही खरं. लुपिनचं पीक लहरी. १९९०च्या दशकात युरोपभर करप्याने त्याचं फार नुकसान केलं होतं.

आणि आता विरोधाभास बघा. ज्या वाळूत नायट्रोजन नाही म्हणून पिढ्या खपल्या, तिथेच आज तो जास्त झालाय. जनावरांच्या मलमूत्रातला अमोनिया हवेतून माळरानावर उतरतो आणि तिथलं हीदर मागे हटून गवत माजतं. २९ मे २०१९ला इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारची नायट्रोजन योजना बेकायदा ठरवली. बांधकामं अडकली आणि त्या ऑक्टोबरात हेगकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या रांगा आपण पाहिल्या. शेतकऱ्याला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण 'जास्त पिकव' हे त्याला आपणच सांगितलं होतं. लुपिन ही काही जादूची कांडी नाही. मात्र माणसाला थेट प्रथिनं देणारं आणि आपलं खत आपणच कमावणारं पीक पुन्हा चर्चेत आलं, ते उगाच नाही.

आता स्वयंपाकघरात येऊ. लुपिनच्या बीत साधारण ३५ ते ४० टक्के प्रथिनं असतात, पण मूळचं बी कडूजहर आणि विषारी. १९२०च्या दशकाच्या अखेरीस फॉन झेंगबुश या जर्मन संशोधकाने असंख्य झाडं तपासून गोड झाडं शोधली. आमच्या धंद्यात याला ब्रूट फोर्स सर्च म्हणतात! तरी भूमध्य समुद्राकाठी अजून कडू बी रात्रभर भिजवून, उकडून, मग रोज पाणी बदलत आठवडाभर ठेवतात. कडवटपणा पूर्ण गेला की मिठाच्या पाण्यात. आपल्या वालांचे लाड यापुढे काहीच नाहीत. मिठातले हे दाणे बरणीत तयार मिळतात. सालीला चिमटा काढून दाणा तोंडात टाकायचा, वर लिंबू आणि तिखट भुरभुरलं तर उत्तम.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. बागेतल्या शोभेच्या लुपिनचं बी कधीही खाऊ नका आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका. दुसरं, ज्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांना लुपिनचीही होऊ शकते. इथल्या पावात बरेचदा लुपिनचं पीठ असतं. पाकिटावर ते नोंदवायचं बंधन युरोपीय संघाने २००६च्या निर्देशाने घातलंय, तेव्हा पाकीट वाचायची सवय ठेवा. फराळाच्या पिठात लुपिन मिसळणार असाल तर पाहुण्यांना आधी विचारा.

लावायचं असेल तर एप्रिलमध्ये बी रात्रभर भिजवून थेट जागेवर पेरा. सोटमूळ असल्याने रोप हलवलेलं त्याला खपत नाही. चुना आणि नायट्रोजनचं खत देऊ नका. झाड उपटलंच तर मुळांवरची एखादी गाठ नखाने फोडून मुलांना दाखवा. आतून ती लालसर दिसली तर समजा, कारखाना चालू आहे.