ख्रिस्ती मत आणि नागरिकाचं मत : १९३२ ते १९५०

कैसराला कर द्यावा की नाही, या प्रश्नाला येशूने दिलेलं उत्तर तुम्हांला ठाऊकच आहे. पण ते ऐकणारे लोक प्रजा होते. कैसर कोण असावा, हे त्यांना कुणी विचारत नव्हतं. आपल्याला विचारतात. त्यामुळे श्रद्धावान माणसापुढचा प्रश्न बदलतो. राजाची आज्ञा कुठवर पाळायची, एवढ्यावर तो थांबत नाही. माझं मत मी कुणासाठी वापरतो, याचाही जाब द्यावा लागतो. भारतातल्या ख्रिस्ती समाजापुढे हा प्रश्न प्रत्यक्ष कसा आला, ते आज सांगायचं आहे.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यातून पुणे करार झाला, तो आपण शाळेत शिकलो. पण त्याच निवाड्यात भारतीय ख्रिस्ती लोकांनाही विभक्त मतदारसंघ दिला होता, हे फारसं कुणी सांगत नाही. १९३५ च्या कायद्याने तो पक्का झाला. मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा, त्यांतल्या तीन ख्रिस्ती लोकांच्या. मतदारयादी वेगळी, उमेदवार ख्रिस्ती, मत देणाराही ख्रिस्तीच. आता याचा अर्थ बघा. शेजारच्या हिंदू शेतकऱ्याचा प्रतिनिधी कोण, यात ख्रिस्ती मतदाराला बोलायला जागा नव्हती आणि त्या शेतकऱ्याला याच्या प्रतिनिधीत नव्हती. विहीर एक, रस्ता एक, दुष्काळ एक, आणि मतपेट्या दोन!

ख्रिस्ती पुढाऱ्यांत यावर एकमत नव्हतं. पहिल्या गोलमेज परिषदेला गेलेले के. टी. पॉल विभक्त मतदारसंघाच्या विरोधात होते. मद्रासचे पन्नीरसेल्वम बाजूने. दोघेही श्रद्धावान. पन्नीरसेल्वम यांना आपण उगाच खलनायक करू नये. लहान समाजाला मोठ्या गर्दीत बुडण्याची भीती वाटते, ती खोटी नसते.

पुढे घटना समिती आली. अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष होते हरेंद्रकुमार मुखर्जी, बंगालचे ख्रिस्ती, कलकत्ता विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक. ऑगस्ट १९४७ मध्ये तडजोड ठरली : विभक्त मतदारसंघ बंद, पण काही राखीव जागा राहतील. ख्रिस्ती लोकांसाठी त्या केंद्रात, आणि मद्रास व मुंबई या दोन प्रांतांत. म्हणजे आपल्याकडच्या ख्रिस्ती माणसाच्या हातात काहीतरी उरलं होतं. मे १९४९ मध्ये सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालच्या सल्लागार समितीत मुखर्जींनीच ठराव मांडला, की अनुसूचित जाती सोडून बाकीच्या अल्पसंख्याकांच्या राखीव जागा काढून टाका. घटना समितीत मद्रासचे जेझुइट फादर जेरोम डिसोझा यांनी त्याला पाठिंबा दिला. मागितलेलं मिळवणारे पुढारी इतिहासात पुष्कळ. मिळालेलं परत करणारे मोजकेच. यामागचा विचार मला आजही पटतो. मत हा माझ्या जमातीचा वाटा नव्हे, ती सगळ्या शेजाऱ्यांविषयीची माझी जबाबदारी आहे. शेजारी कोण, हे येशूने धर्म बघून ठरवलं नव्हतंच.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि संपवणं अप्रामाणिकपणाचं होईल.

आपल्या नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती समाजाचा विचार करा. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे १८३१ मध्ये सुरू झालं, आणि पुढे मोठ्या संख्येने आले ते महार आणि मांग. बाप्तिस्मा झाला, पण वस्ती गावकुसाबाहेरच राहिली. १९३६ च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने ख्रिस्ती व्यक्तींना त्या यादीतून वगळलं होतं. तेव्हा त्याला निदान एक युक्तिवाद होता : तुमच्या जागा वेगळ्या आहेत ना, मग इथे कशाला? १९४९ मध्ये त्या वेगळ्या जागा गेल्या. युक्तिवादाचा पाया गेला. तरी १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात वगळणं कायम राहिलं. शिखांसाठी ते १९५६ मध्ये पूर्ण दूर झालं, बौद्धांसाठी १९९० मध्ये. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच आहेत.

इथे मी, तत्त्वज्ञानाचा जुना मास्तर म्हणून, थोडा अडखळतो. त्याग आपल्या पदरचा असेल तर त्याला त्याग म्हणायचं. मुखर्जी आणि फादर डिसोझा यांचा हेतू स्वच्छ होता, याबद्दल मला शंका नाही. पण शिकलेल्या, शहरी ख्रिस्ती माणसाने राखीव जागा सोडली तेव्हा त्याचं फारसं अडलं नाही. ज्याचं अडलं तो त्या समितीच्या खोलीत नव्हता. अँग्लो-इंडियन समाजाला मात्र लोकसभेत नेमणुकीच्या जागा मिळाल्या आणि त्या जानेवारी २०२० पर्यंत चालल्या. संख्या किती आणि आवाज किती, याचा हिशेब तुम्हीच करा.

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, आणि मतदाराने चिन्ह बघून आपला कागद तिच्यात टाकायचा. दलित ख्रिस्ती माणूसही, बायकोला घेऊन, त्या पेट्यांपुढे उभा राहू शकत होता. प्रौढ मताधिकाराने ते त्याला दिलं. पण मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव असला, तर तो तिथे मत देऊ शकतो, उमेदवार होऊ शकत नाही. हिंदू राहिलेला त्याचा सख्खा चुलतभाऊ होऊ शकतो. आजही तसंच आहे.