मूळ, प्रत आणि दुवा

लीळाचरित्राच्या एकांकात भंडाऱ्याच्या नीळभट्टांची व चक्रधरांची भेट आपण वाचतो. पण आज हाती असलेला पाठ म्हाइंभटांच्या मूळ पोथीतला नव्हे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धिपुरास सिद्ध झालेली ती पोथी पुढे खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा राहिला आणि एकाचे अनेक पाठ झाले. म्हणूनच १९७८ची आवृत्ती सिद्ध करताना वि. भि. कोलते यांना अनेक पोथ्या ताडून पाहाव्या लागल्या.

पाठभेदाची हीच अडचण संगणकाच्या इतिहासातही भेटते. युनिक्स प्रणालीत वापरकर्त्याच्या आवडीनिवडी साध्या मजकुराच्या लहान फायलींत नोंदलेल्या असतात. नावाआधी टिंब असल्याने त्या यादीत दिसत नाहीत. रॉब पाइक यांनी २०१२ साली लिहिल्याप्रमाणे ही सोय योजनापूर्वक नव्हे, तर आरंभीच्या एका आळशी तपासणीतून अवतरली. अशा फायलींच्या प्रती दोन संगणकांवर ठेवल्या की प्रत्येकीत वेगळ्या दुरुस्त्या होतात, आणि वर्षभराने प्रमाण पाठ कोणता हे मालकालाही सांगता येत नाही.

१९८३च्या ४.२ बीएसडी आवृत्तीने युनिक्समध्ये सांकेतिक दुवा रूढ केला. या दुव्यात मजकूर नसतो, केवळ दुसऱ्या फायलीचा पत्ता असतो. त्यामुळे साऱ्या मूळ फायली एका संचिकेत ठेवाव्यात आणि त्यांच्या नेहमीच्या जागी नुसते दुवे मांडावेत, ही रीत पडली. जीएनयू स्टो हे साधन हे दुवे आपणहून मांडते. दुरुस्ती कोठूनही करा, ती मुळातच होते.

मात्र मूळ हलले वा नष्ट झाले की दुवा रिकाम्या जागेकडे बोट दाखवीत राहतो. येथे केसोबासांचा सूत्रपाठ आठवावा. सूत्रही आपल्या लीळेकडे निर्देश करते. प्रसंग ठाऊक नसेल तर त्याचा अर्थ लागत नाही. परंतु सूत्रात चक्रधरांचे वचन स्वतः असते, केवळ त्याचा ठिकाणा नव्हे. मूळ पोथी गेल्यावर परंपरा तगली ती अशा पाठांतरांवर आणि प्रतींवर. नुसत्या निर्देशांनी काहीच वाचले नसते.

म्हणून ही मूळ संचिका गिट (२००५) सारख्या साधनाने, प्रत्येक बदलाच्या नोंदीसह, दोन-तीन ठिकाणी जपण्याचा प्रघात आहे. दुव्याने पाठ एक राहतो, प्रतींनी तो टिकतो. आपले प्रबंध आणि टिपणे संगणकावर ठेवणाऱ्या आपणा साहित्याच्या अभ्यासकांना या दोहोंचीही गरज आहे.