सेकंदाची भर

१ जानेवारी २०१७ ची पहाट. भारताच्या अधिकृत घड्याळात ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंद झाले आणि लगेच साडेपाच वाजले नाहीत. मध्ये आणखी एक सेकंद आला. पृथ्वी अणुघड्याळांच्या मागे पडली होती, म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने तो मुद्दाम घातला. आमच्या बडोद्यात तेव्हा काळोखच होता.

या दुरुस्तीचं कूळ शोधू गेलो, तर मी घटिकापात्रापाशी थांबतो. तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. भोक जरासं मोठं असलं तरी बिघडत नसे, कारण मोजणी रोज सूर्योदयापासून नव्याने सुरू होई. कालची चूक आजच्या खात्यावर चढत नसे.

बडोद्याच्या रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर हा घड्याळाचा मनोरा १८९६ चा, तर भारतीय प्रमाणवेळ १९०६ ची. ही वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि बडोदं त्याच्या सव्वानऊ अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं धरली, तर इथला सूर्य घड्याळाच्या सरासरी ३७ मिनिटं मागे. फेब्रुवारीत मध्यान्ह १२ वाजून ५१ मिनिटांच्या सुमाराला होते, नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून २१ ला. मुंबईला तर प्रमाणवेळ इतकी खुपली की ३९ मिनिटं मागची ‘मुंबई वेळ’ तिथे १९५५ पर्यंत टिकून राहिली.

३७ मिनिटं चालवून घेणारे आपण एका सेकंदासाठी का अडतो? रेखांशाची तफावत सरासरीने तेवढीच राहते. सेकंदाची ही तफावत मात्र साचत जाते. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी मंदावते, अणुघड्याळ मात्र सीझियमची ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आंदोलनं मोजून सेकंद पुरा करतं. त्यामुळे १९७२ पासून २७ वेळा सेकंदाची भर घालावी लागली. पृथ्वीची चाल लहरी, म्हणून पुढचा सेकंद कधी लागेल याचं वेळापत्रक आधी आखता येत नाही, आणि संगणकांना नेमका हाच जाच होतो. २०२२ मध्ये वजन-मापांच्या जागतिक परिषदेने ठरवलं: २०३५ पर्यंत ही पद्धत मोडायची, तफावत वाढू द्यायची.

संगणकांची अडचण मला मान्य आहे, तरी हा निर्णय जिवाला लागतो. घड्याळ पृथ्वीला विचारून चालावं, ही रीत जपायला हवी होती. पंचांगातला सूर्योदय तरी पुढेही पृथ्वीच्याच गतीने काढावा लागेल.