अध्यापकांचें अध्ययन

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोंचली, आणि पुढील वर्षीं १ मे रोजीं लोहमार्ग कल्याणास जाऊन भिडला. तेव्हांपासून या गांवांची विद्या बरीचशी आगगाडीनेंच ये-जा करीत आली आहे. उच्च शिक्षण घ्यावयाचें तर मुंबईची वाट धरावी लागे. पुढें ठाण्यांत, १९३५ सालीं स्थापन झालेल्या विद्या प्रसारक मंडळानें १९६९ मध्यें महाविद्यालय काढलें. कल्याणांत १९७२ मध्यें बिर्ला महाविद्यालय निघालें. डोंबिवलींत पेंढरकर महाविद्यालय उभें राहिलें. विद्यार्थ्याची यातायात कमी झाली. अध्यापकाची मात्र झाली नाहीं. त्याला स्वतःला कांहीं नवें शिकावयाचें झालें कीं, पुन्हां गाडीच गांठावी लागे.

मुळांत महाविद्यालयीन अध्यापकाला शिकवण्याची कला शिकवावी, ही कल्पनाच आपल्याकडे उशिरां आली. शाळेच्या मास्तरास अध्यापनाची पदवी लागे. प्राध्यापकास आपल्या विषयाची पदवी पुरे होई. जो विषय जाणतो तो शिकवूं शकतो, असें गृहीत धरलें जाई. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर ही समजूत ढळली आणि विद्यापीठांतून अध्यापकांच्या प्रशिक्षणाचीं स्वतंत्र केंद्रें निघालीं. नवागतांसाठीं चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, अनुभवी मंडळींसाठीं तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, आणि दोहोंची सांगड पदोन्नतीशीं, अशी ती व्यवस्था होती. तिच्यामुळें निरनिराळ्या महाविद्यालयांतील माणसें एकत्र येत, हा मोठा लाभ. परंतु तितके आठवडे त्यांचे स्वतःचे वर्ग ओस पडत, हा तितकाच उघड तोटा.

दूर राहून शिकवण्याचे प्रयोग याच सुमारास चालू होते. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान मंडळाचे कार्यक्रम दूरदर्शनवर दिसूं लागले. पण पडद्यावरील व्याख्यात्यास शंका विचारण्याची सोय नव्हती. १९८९ मध्यें नाशिकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालें. तेथें पुस्तकच असें लिहावें लागे कीं, तें विद्यार्थ्याशीं बोलेल. समोर नसलेल्या माणसास शिकवणें ही वेगळी विद्या आहे, याची जाणीव मराठी अध्यापकवर्गास येथें झाली.

मोठा प्रयोग पवईस झाला, आणि पवई ठाण्याहून फार दूर नाहीं. २००९ सालीं केंद्र सरकारनें माहिती-तंत्रज्ञानाद्वारें शिक्षणाची राष्ट्रीय मोहीम हातीं घेतली. तिच्या आधारानें मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें प्रा. दीपक फाटक यांनीं दहा हजार अध्यापकांस प्रशिक्षण देण्याचा संकल्प केला. त्याची रीत ध्यानांत घेण्याजोगी आहे. प्रथम निरनिराळ्या केंद्रांच्या समन्वयकांस पवईस बोलावून तयार करीत. मग मुख्य कार्यशाळा सुरू झाली कीं, व्याख्यान पवईहून इंटरनेटवरून थेट होई. ऐकणारे अध्यापक आपल्या जवळच्या केंद्रांत एकत्र बसत, प्रश्न विचारीत आणि प्रात्यक्षिकें त्या समन्वयकाच्या देखरेखीखालीं करीत. आवाज दूरचा, पण हात धरणारा माणूस जवळचा, हें या योजनेचें मर्म होय.

त्याच संस्थेंत प्रा. श्रीधर अय्यर आणि प्रा. सहाना मूर्ती यांनीं ऑनलाइन अध्यापनाची एक पद्धत बसविली. तासभराचें सलग व्याख्यान चित्रित करावयाचें नाहीं. चित्रफीत लहान ठेवावयाची. मध्येंच थांबून विद्यार्थ्यास विचार करावयास लावावयाचें. मग कृति, मग परस्परांशीं चर्चा. वर्गांत कुशल शिक्षक चेहरे पाहून जें सहज करतो, तेंच येथें आधीं योजून ठेवावें लागतें.

पुढें २०१७ मध्यें 'स्वयम्' हें सरकारी व्यासपीठ आणि २०१८ मध्यें त्यावरच अध्यापकांचा चाळीस तासांचा उजळणी अभ्यासक्रम आला. आतां गाडी गांठण्याचें कारण उरलें नाहीं. तथापि पुष्कळांच्या लेखीं तो पदोन्नतीचा एक कागदच राहिला; कारण दुसऱ्या दिवशीं वर्गांत फळा आणि खडू होतेच.

मार्च २०२० मध्यें महाविद्यालयें बंद झालीं, लोकलगाड्या थांबल्या, आणि हा कागद एकाएकीं निकडीचा झाला. आयुष्यभर फळ्यापुढें उभे राहिलेले प्राध्यापक ठाण्या-डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरांत, भ्रमणध्वनि पुस्तकांच्या चळतीवर टेकवून, शिकवूं लागले. यंत्र चालविण्यास बहुतेकजण थोड्याच दिवसांत शिकले. घरांतील मुलांनींच कित्येकांना शिकविलें. कठीण गेलें तें निराळेंच. विद्यार्थ्यांचे कॅमेरे बंद; पडद्यावर नुसत्या नांवांच्या चौकटी. समजलें कीं नाहीं, हें सांगणारा चेहरा नाहीं. शिवाय याच जिल्ह्यांतील मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर आवाजच धड पोंचत नव्हता, तेथें पद्धति कितीही उत्तम असून उपयोग काय?

त्या दिवसांत प्रशिक्षणाच्या वर्गांचा पूर लोटला. पण त्यांतील पुष्कळ वर्ग कळ कोठें दाबावी एवढेंच सांगत. प्रश्न कोठें विचारावा, गप्प बसलेल्यास बोलतें कसें करावें, हें थोडेच सांगत. पवईच्या प्रयोगांत जवळ बसणारा समन्वयक होता. २०२० चा अध्यापक आपल्या खोलींत एकटा होता. उणीव यंत्राची कमी, आणि सोबत्याची अधिक होती.

ऑक्टोबर २०२१ मध्यें महाराष्ट्रांतील महाविद्यालयें पुन्हां उघडलीं, आणि ५ सप्टेंबर २०२३ रोजीं मालवीय मिशन या नांवानें अध्यापक-प्रशिक्षणाची नवी योजना सुरू झाली. तिचे बरेच वर्ग पडद्यावरच भरतात. कल्याणचा प्राध्यापक आतां शिकण्यासाठीं गाडी पकडीत नाहीं, ही सोय खरी. पण त्या गाडीनें त्याला दुसऱ्या प्राध्यापकाच्या शेजारीं नेऊन बसविलें होतें. तो शेजार नव्या व्यवस्थेंत टिकला, तरच अध्यापकाचें अध्ययन त्याच्या विद्यार्थ्यापर्यंत पोंचेल.