‘ओ’ दिसणारं रक्त

रक्तपेढीत नवीन लागले तेव्हा आमच्या वरिष्ठ बाई बजावायच्या, टाइलवर ‘ओ’ दिसलं म्हणून ‘ओ’ लिहून मोकळं व्हायचं नाही. पेशी तपासल्या तसं सीरमही तपासायचं. या शिस्तीमागे मुंबईत लागलेला एक शोध आहे. टेक्निशियनच्या शिक्षणात तो दोन ओळींत उरकला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांच्यासमोर तिघांचं रक्त होतं. अँटी-ए टाका, अँटी-बी टाका, गाठी येत नव्हत्या. म्हणजे ‘ओ’च. पण त्यांच्या सीरममध्ये ‘ओ’च्या पेशी मिसळल्या की लगेच गुठळ्या! लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये गट मांडले, आणि पुढे ‘ओ’ रक्त कुणालाही चालतं असं डॉक्टर धरून चालत आले. या तिघांना मात्र तेच घातक ठरलं असतं. लंडनचे रेस आणि सँगर यांच्या साथीने केलेलं हे काम त्याच वर्षी ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ तो हाच.

पेशीवर आधी ‘एच’ नावाची साखरेची साखळी तयार होते. ‘ए’ आणि ‘बी’ तिच्याच टोकाला जोडले जातात. ‘ओ’ माणसात ती नुसतीच राहते. ‘एच’ घडवणारं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. आई आणि वडील दोघांकडूनही त्याची बिघडलेली प्रत आली, तर ‘एच’ बनतच नाही. मग ‘बी’चं जनुक अंगात असूनही त्याला जोडायला जागा उरत नाही. आईवडील मात्र एकेक चांगली प्रत असल्यामुळे तपासणीत नेहमीसारखेच दिसतात.

आपल्याकडे हे रक्त सुमारे 10,000 माणसांत एकाचं असतं. युरोपात 10 लाखांत एखाद्याचं. कोकणात आणि दक्षिण महाराष्ट्रात मामाची मुलगी करून घ्यायची रीत जुनी. आजीच्या अंगातली एक बिघडलेली प्रत तिच्या मुलाकडेही जाते, मुलीकडेही, आणि त्यांच्या मुलांचं लग्न लागलं की दोन्ही बाजूंनी पतवंडात पोचू शकते. जमीन आणि माणसं घरातच राहावीत म्हणून केलेल्या सोयरिकींबरोबर हेही वाहत आलं.

वेंगुर्ल्याकडची एक बाळंतीण माझ्या कायम लक्षात राहिली आहे. रक्तस्राव थांबत नव्हता. कार्डावर ‘ओ’, आणि आमच्याकडची ‘ओ’ची एकही पिशवी क्रॉसमॅचमध्ये जुळेना. अँटी-एच लावलं, गाठ नाही. सीरम ‘ओ’च्या पेशींशी लावलं, भराभर गाठी. उत्तर मिळालं, पण बाहेर सासूबाईंच्या मनात दुसराच प्रश्न होता. नवरा ‘ओ’, बायको ‘ओ’, आणि बाळ ‘बी’. त्या मला म्हणाल्या, “दोघांचां रगत ओ, मगे ह्या पोराचां बी कसां?” आवाज खाली होता, पण त्यातला संशय लपत नव्हता.

मी त्यांना बाकावर बसवलं. “आजी, सुनेच्या अंगात ‘बी’ आहे, फक्त तपासणीत दिसत नाही. बाळाला बापाकडून चांगला ‘एच’ मिळाला, म्हणून आईचं ‘बी’ त्याच्यात दिसलं.” डॉक्टरांकडूनही तेच वदवून घेतलं, मुलाच्या बापासमोर. रक्तगटावरून बाईच्या चारित्र्याचा निवाडा करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती, त्यामुळे हे समजावणं मला रक्त शोधण्याइतकंच निकडीचं वाटलं.

अशा वेळी आधी सख्ख्या भावंडांना बोलवायचं असतं, कारण प्रत्येकाचं रक्त तसंच निघण्याची शक्यता चारात एक असते. तिचा धाकटा भाऊ रात्रीच्या एसटीने आला. त्याचं रक्त जुळलं, पहाटे पिशवी चढली. मुंबईत 1957 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने रक्तगटांसाठी संदर्भ केंद्र सुरू केलं, ते आज राष्ट्रीय संस्था म्हणून केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे. दोघांचे नमुने आम्ही पक्क्या तपासणीसाठी तिथे पाठवले. बहिणीच्या कार्डावरचं ‘ओ’ खोडून ‘बॉम्बे’ लिहिलं, आणि गावी राहिलेल्या थोरल्या बहिणीलाही तपासणीला घेऊन या, असं भावाला सांगितलं.